मनोरुग्णालयाचे दार आणि सरकारी तिजोरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समाजवादी चळवळीच्या अभ्यासवर्गात जमीन, मजुरी, महागाई, पाणी आणि शिक्षण या प्रश्नांची चर्चा नेहमीच होते. मनोरुग्णांचा प्रश्न तेथे क्वचितच निघतो, आणि निघालाच तर वैद्यकाचा किंवा दयाधर्माचा विषय म्हणून बाजूला सारला जातो. याचे कारण समजण्यासारखे आहे. मनोरुग्णांची संघटना नसते, त्यांचा मोर्चा निघत नाही, आणि ज्या घरात असा रुग्ण असतो ते घर आपले दुःख चारचौघांत बोलत नाही. परंतु ज्याला स्वतःची मागणी मांडता येत नाही त्याची मागणी मांडणे हे जर राजकीय पक्षाचे काम असेल, तर हा विषय पक्षाच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही. शिवाय वरवर पाहता वैद्यकाचा वाटणारा हा प्रश्न खोलात गेल्यावर सार्वजनिक पैशाच्या वाटपाचा ठरतो, आणि तेथे समाजवाद्यांना बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे.

गेल्या सत्तर वर्षांत जगभर एक मोठे स्थित्यंतर घडून आले. उंच भिंतींच्या आड हजारो माणसांना कायमचे ठेवणारी मनोरुग्णालये मागे पडली, आणि रुग्णावर त्याच्या गावात, त्याच्या वस्तीत, शक्य तर त्याच्या घरी उपचार व्हावेत हा विचार सर्वमान्य झाला. विचार सर्वमान्य झाला हेच खरे तर सावधगिरीचे कारण आहे. मानवतावादी म्हणतो, भिंती पाडा, कारण माणसाला कोंडणे अन्याय्य आहे. अर्थमंत्रीही म्हणतो, भिंती पाडा, कारण भिंतींच्या आतला खर्च वाचेल. दोघांची घोषणा एकच असते, म्हणून दोघांचा हेतू एकच आहे असा समज होतो. दोन देशांच्या अनुभवावरून हा समज किती महागात पडतो हे तपासून पाहता येईल. पहिला देश इटली, दुसरा अमेरिका. त्यानंतर आपल्या घराकडे वळणे योग्य होईल.

त्रिएस्तेचा अनुभव

इटलीतील १९०४ सालच्या कायद्यानुसार, जो स्वतःला किंवा इतरांना धोकादायक आहे अथवा ज्याच्या वागण्याने सार्वजनिक लज्जेचा प्रसंग ओढवतो, अशा माणसाला मनोरुग्णालयात डांबता येत असे. कायमच्या दाखल्याची नोंद न्यायालयीन दप्तरात गुन्हेगारांच्या नोंदींबरोबर होई, आणि ही पद्धत १९६८ पर्यंत टिकली. ही इस्पितळे प्रांतिक मंडळांच्या, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर जिल्हा परिषदेच्या तोलाच्या लोकनियुक्त संस्थांच्या ताब्यात होती. हा तपशील ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली त्यातच आहे.

१९६१ साली युगोस्लाव्हियाच्या सीमेला लागून असलेल्या गोरित्सिया गावातील मनोरुग्णालयाचे संचालक म्हणून डॉ. फ्रान्को बासाल्या यांची नेमणूक झाली. १९२४ साली व्हेनिसमध्ये जन्मलेल्या बासाल्यांनी विद्यार्थिदशेत फॅसिझमविरोधी कार्याबद्दल १९४४ साली तुरुंगवास भोगला होता. मनोरुग्णालयात प्रथम पाऊल टाकले तेव्हा आपल्याला तुरुंगातलाच वास आला, असे ते पुढे सांगत. रात्री ज्या रुग्णांना बांधून ठेवले होते त्यांची नोंदवही रिवाजाप्रमाणे नव्या संचालकांपुढे सहीसाठी आली, आणि त्यांनी सही करण्यास नकार दिला. या नकाराचा अर्थ साधा आहे. डॉक्टरची सही असते तोवर बांधून ठेवण्याला उपचाराचे नाव देता येते. सही काढून घेतली की ते नुसते बांधून ठेवणे उरते.

त्यानंतर गोरित्सियात हळूहळू गज निघाले, विभागांची दारे उघडली, आणि रुग्ण, परिचारक व डॉक्टर यांच्या रोजच्या सभा भरू लागल्या. १९६८ साली या प्रयोगावरील बासाल्यांच्या संपादनाखालील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि इटलीच्या तरुण पिढीत त्याची मोठी चर्चा झाली. त्याच वर्षी एका दिवसाच्या रजेवर घरी गेलेल्या एका रुग्णाच्या हातून त्याच्या पत्नीची हत्या झाली. बासाल्यांवर खटला झाला व ते निर्दोष सुटले. ही घटना झाकून ठेवण्याचे कारण नाही. जे लोक स्वातंत्र्याची बाजू घेतात त्यांनी स्वातंत्र्याची किंमतही उघडपणे मोजली पाहिजे. पण गोरित्सियाचा प्रयोग या घटनेमुळे संपला नाही. १९७२ साली तेथील डॉक्टरांच्या चमूने सामुदायिक राजीनामे दिले, कारण प्रांतिक मंडळ इस्पितळाबाहेर उपचारकेंद्रे काढण्यास तयार नव्हते. रुग्ण बरे झालेले होते, दार उघडे होते, पण दाराबाहेर काहीच उभे केलेले नव्हते. चांगल्या डॉक्टरांचे काम जेथे संपते आणि राज्यसंस्थेचे काम जेथे सुरू व्हावे लागते ती सीमारेषा गोरित्सियात स्पष्ट दिसली.

बासाल्या १९७१ साली त्रिएस्ते या बंदराच्या शहरातील सान जोव्हान्नी इस्पितळात आले. तेथे सुमारे बाराशे माणसे होती. प्रांताचे अध्यक्ष मिकेले झानेत्ती हे ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे, म्हणजे डाव्यांचे प्रतिस्पर्धी. पण त्यांनी बासाल्यांना पाठिंबा दिला, आणि त्यामुळे गोरित्सियात जे घडू शकले नाही ते येथे घडले. तेथे काय केले गेले हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने क्रमाने पाहण्यासारखे आहे.

इस्पितळातील झाडलोट, धुणे, स्वयंपाकघरातील कामे रुग्णच करीत असत. त्याला उपचार म्हटले जाई, आणि मोबदला म्हणून किरकोळ काहीतरी हाती पडे. १९७२ साली या काम करणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था उभी राहिली. तेच काम आता कराराने आणि मजुरीने होऊ लागले. काल जो उपचार घेणारा होता तो आज कामगार झाला. त्याला संघटनेचा हक्क आणि महिन्याचे वेतन मिळाले. समाजवादी माणसाला या बदलाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. माणसाच्या श्रमाला मजुरी नाकारायची असेल तर आधी त्याला वेडा, लहान किंवा बाई ठरवावे लागते, हा इतिहासाचा जुना अनुभव आहे.

दुसरे असे की, ज्यांचे आजारपण ओसरले होते पण ज्यांना जाण्याला घर नव्हते, त्यांना 'पाहुणा' असा नवा दर्जा देण्यात आला. ते रुग्ण राहिले नाहीत, पण त्यांचे छप्परही गेले नाही. पुढे शहरात सदनिका घेऊन चार-सहा जणांच्या गटांनी तेथे राहावे अशी व्यवस्था झाली, आणि बाहेर पडणाऱ्यांना प्रांताच्या तिजोरीतून रोख साहाय्य मिळू लागले. तिसरे म्हणजे शहराच्या निरनिराळ्या भागांत उपचारकेंद्रे उघडली, आणि इस्पितळातले परिचारक व डॉक्टर तेथे बदलून गेले. कोणाची नोकरी गेली नाही. कामाची जागा व कामाचे स्वरूप बदलले. ही केंद्रे पुढे चोवीस तास उघडी राहू लागली. तेथे मोजक्या खाटा असतात, दाराला कुलूप नसते, आणि रात्री दोन वाजता ज्याचे मन ढासळते त्याला पोलिसठाणे न गाठता तेथे जाता येते.

१९७३ साली रुग्ण आणि कलावंत यांनी मिळून लाकूड व कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड निळा घोडा तयार केला. इस्पितळाच्या धुण्याची गाडी ओढणाऱ्या घोड्याच्या नावावरून त्याचे नाव मार्को काव्हाल्लो ठेवले. तो फाटकातून बाहेर काढताना फाटक अपुरे पडले व ते मोडावे लागले. घोड्यामागून रुग्णांची मिरवणूक शहरात गेली. ही हकीकत बहुतेकांना माहीत असते. परंतु घोड्याच्या मागे सहकारी संस्था, सदनिका, रोख साहाय्य आणि केंद्रे नसती, तर संध्याकाळी ती सारी माणसे त्याच मोडक्या फाटकातून परत आत गेली असती.

जानेवारी १९७७ मध्ये सान जोव्हान्नी बंद करीत असल्याची घोषणा झाली. पुढच्या वर्षी, १३ मे १९७८ रोजी, इटलीच्या संसदेने १८० क्रमांकाचा कायदा संमत केला. माजी पंतप्रधान अल्दो मोरो यांचे प्रेत रोममध्ये सापडून चारच दिवस झाले होते आणि देश हादरलेला होता. जुना कायदा रद्द करण्यासाठी रॅडिकल पक्षाने मागितलेले सार्वमत जूनमध्ये तोंडावर आले होते, म्हणून घाई करावी लागली. कायद्याने नवी मनोरुग्णालये बांधण्यास व जुन्यांत नवे रुग्ण घेण्यास बंदी केली. सर्वसाधारण इस्पितळांत जास्तीत जास्त पंधरा खाटांचे विभाग असावेत, सक्तीचा उपचार दोन डॉक्टरांच्या सल्ल्याने महापौराच्या आदेशाने व्हावा, त्याची खबर न्यायाधीशाला ४८ तासांत मिळावी आणि त्याची मुदत सात दिवसांची असावी, असे ठरले. धोकादायकपणा ही कसोटी गेली आणि उपचाराची निकड ही कसोटी आली. त्या वेळी इटलीच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ७८ हजार माणसे होती. बासाल्यांना या कायद्याचे फळ फार काळ पाहता आले नाही; ऑगस्ट १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

येथपर्यंतची कथा उत्साहवर्धक आहे, पण ती येथेच थांबवली तर अर्धसत्य सांगितल्यासारखे होईल. या कायद्याने जुनी व्यवस्था बंद केली, पण नव्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र निधीची तरतूद केली नाही. अंमलबजावणी प्रदेशांवर सोपवली. जेथे संघटित लोकशक्ती व जागरूक प्रशासन होते तेथे केंद्रे उभी राहिली. दक्षिणेकडील अनेक भागांत ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली. अनेक कुटुंबांवर एकाएकी न पेलणारा भार पडला, आणि नातेवाइकांच्या संघटनांनी कायद्यात बदल मागितले. त्यांना प्रतिगामी म्हणणे सोपे होते, पण त्यांची तक्रार खरी होती. मानसिक आरोग्याची पहिली राष्ट्रीय योजना यायला १९९४ साल उजाडले, आणि अखेरची जुनी मनोरुग्णालये १९९०च्या दशकाच्या शेवटी बंद झाली. कायदा एका दिवसात झाला. त्याचा खर्च मान्य व्हायला वीस वर्षे लागली. त्रिएस्तेमध्येही हे काम कायमचे सुरक्षित झालेले नाही. अलीकडच्या काळात तेथील सेवांच्या मनुष्यबळावर व दिशेवर प्रादेशिक सरकारचे दडपण आल्याच्या तक्रारी जाहीरपणे झाल्या आहेत.

अमेरिकेतील उलटी कथा

अमेरिकेत १९५५ साली राज्यांच्या मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार माणसे होती. त्याच सुमारास क्लोरप्रोमाझिन हे औषध आले आणि पुष्कळ रुग्णांची तीव्र लक्षणे आटोक्यात येऊ लागली. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी समाजाधारित मानसिक आरोग्यकेंद्रांच्या कायद्यावर सही केली. देशभर सुमारे पंधराशे केंद्रे उभारावयाची होती. तीन आठवड्यांत केनेडींची हत्या झाली. केंद्रे उभी राहिली ती नियोजित संख्येच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यांतली अनेक केंद्रे जुन्या इस्पितळांतून बाहेर पडणाऱ्या गंभीर रुग्णांपेक्षा तुलनेने सौम्य आजारांकडे अधिक लक्ष देऊ लागली.

इस्पितळे मात्र झपाट्याने रिकामी होत गेली. याचे एक कारण औषध व दुसरे नागरी हक्कांची चळवळ, हे खरेच आहे. परंतु तिसरे कारण जमाखर्चात सापडते. मनोरुग्णालयाचा खर्च राज्याच्या तिजोरीवर पडत असे. १९६५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या गरिबांसाठीच्या वैद्यकीय साहाय्य योजनेतून मनोरुग्णालयातील प्रौढ, पण पासष्ट वर्षांखालील रुग्णांसाठी पैसा मिळत नसे. तोच रुग्ण खासगी शुश्रूषागृहात हलवला की खर्चाचा मोठा वाटा केंद्राकडून मिळे. तेव्हा राज्यांनी काय केले असेल हे सांगावयास नको. वॉर्ड रिकामे झाले, राज्यांच्या अंदाजपत्रकांवरील भार हलका झाला, आणि या साऱ्याला स्वातंत्र्य असे नाव मिळाले. १९८० साली अध्यक्ष कार्टर यांच्या काळात केंद्रांच्या मदतीसाठी नवा कायदा झाला. पुढच्याच वर्षी रेगन सरकारने त्यातील बहुतेक तरतुदी रद्द करून राज्यांना ठोक अनुदान देण्याची पद्धत आणली व रक्कमही घटवली. आज लॉस एंजेलिस व शिकागो परिसरातील तुरुंग हे त्या देशात मनोरुग्णांना ठेवणाऱ्या सर्वांत मोठ्या जागांत गणले जातात. ज्या माणसाला इस्पितळाच्या भिंतीतून मुक्त केले तो फूटपाथवरून फिरून तुरुंगाच्या भिंतीत पोचला.

त्रिएस्ते आणि अमेरिका यांतला फरक डॉक्टरांच्या बुद्धीचा किंवा औषधांचा नव्हता. दोन्हीकडे दार उघडले. त्रिएस्तेमध्ये दारातून माणसाबरोबर परिचारक, घरभाडे, मजुरी आणि केंद्राचा खर्चही बाहेर पडला. अमेरिकेत माणूस बाहेर पडला आणि पैसा राज्यांच्या तिजोरीत मागे राहिला. या विषयात समाजवाद्यांनी धरून ठेवावे असे सूत्र एकच आहे: मनोरुग्णालयावर होणारा खर्च ही रुग्णांची ठेव आहे, आणि रुग्ण जेथे जाईल तेथे ती त्याच्यामागून गेली पाहिजे.

आपल्याकडील स्थिती

भारतात या प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. येथे युरोप-अमेरिकेसारखी अवाढव्य इस्पितळे लोकसंख्येच्या मानाने कधी उभीच राहिली नाहीत. आजही सरकारी मनोरुग्णालयांची संख्या देशभरात पन्नासाच्या आत आहे. म्हणजे बहुसंख्य मनोरुग्ण पहिल्यापासूनच 'समाजात' आहेत. समाजात म्हणजे घरात. आणि घरात म्हणजे आई, पत्नी, बहीण किंवा सून यांच्या अंगावर. जी बाई शेतमजुरी सोडून आजारी मुलाला सांभाळते, तिची बुडालेली मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही आणि तिचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत. म्हणूनच समाजाधारित उपचार हा शब्द आपल्या सरकारांना सोयीचा वाटतो. जे काम फुकट होतच आहे त्याला धोरणाचे नाव दिले की खर्चाचा प्रश्न मिटतो. ज्या घराला हे झेपत नाही त्याचे काय होते हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. ती जागा सरकारी मनोरुग्णालय नव्हती. सरकार नसलेल्या ठिकाणी जे उगवते ते ती जागा होती.

असे असले तरी आपल्याकडे चांगल्या प्रयत्नांची परंपरा नाही असे नाही. १९५०च्या दशकात, म्हणजे बासाल्यांच्याही आधी, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना इस्पितळाच्या आवारात तंबूंत राहू दिले. नातेवाईक आजार समजून घेऊ लागले, आणि रुग्णाला टाकून जाण्याऐवजी घेऊन जाऊ लागले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. त्यानंतर बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व आरोग्यसेवक यांना शिक्षण देऊन मोजक्या औषधांच्या बळावर गावपातळीवर उपचार करता येतात हे दाखवून दिले. त्याच धर्तीवर १९९६ साली चार जिल्ह्यांपासून सुरू झालेला जिल्हा कार्यक्रम आता सातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे.

मंजुरी आणि उपलब्धता यांतले अंतर मात्र मोठे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मानसिक विकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. केंद्राच्या आरोग्य अंदाजपत्रकात मानसिक आरोग्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास असतो, आणि त्यातलाही मोठा हिस्सा निम्हान्ससारख्या एक-दोन संस्थांना जातो. त्या संस्था चांगल्या आहेत व त्यांना पैसा मिळालाच पाहिजे. परंतु उरलेल्या रकमेत सातशे जिल्हे भागवावयाचे, याला कार्यक्रम म्हणावे की संकल्प, हा प्रश्न विचारला पाहिजे.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर भारत मागे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य काळजी कायदा उपचार मिळण्याचा हक्क देतो, साखळदंडांना बंदी करतो, आणि समाजात राहण्याचा हक्क मान्य करतो. केवळ घर नाही, घरचे लोक नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्या कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे तो स्पष्ट शब्दांत सांगतो. तरीही सरकारी मनोरुग्णालयांच्या देशव्यापी पाहणीत, एक वर्षाहून अधिक काळ तेथे राहिलेल्यांचे प्रमाण एकतृतीयांशाहून जास्त आढळले.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. अशा इस्पितळांतून दीर्घकाळ राहिलेल्यांत एक वर्ग असा असतो की ज्याला डॉक्टरांनी केव्हाच बरे ठरवले आहे. त्यात स्त्रियांची अवस्था विशेष बिकट असते. नवऱ्याने दुसरे लग्न केलेले असते, भावांनी शेताची वाटणी करून घेतलेली असते, आणि पत्त्यावर पाठवलेले पत्र परत येते. तिच्या आजाराला औषध सापडले. तिच्या बेघरपणाला सापडले नाही. अशा माणसांना बाहेर काढा म्हटल्यावर काय घडू शकते याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. बरे झालेल्यांना येथे मनोरुग्णालयांतून भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि २०१९ साली न्यायालयाने ही पद्धत तत्काळ थांबवण्याचा आदेश दिला. कागदोपत्री मनोरुग्णालयातील संख्या घटली असती, आणि कोणी तरी तिला सुधारणाही म्हटले असते. माणूस मात्र एका कुलपातून दुसऱ्या कुलपात गेला असता. अमेरिकेत जे शुश्रूषागृहांच्या बाबतीत घडले त्याची ही छोटी प्रतिकृती होय.

मागणी काय असावी

तेव्हा 'मनोरुग्णालये बंद करा' ही घोषणा समाजवाद्यांनी जशीच्या तशी उचलू नये. ज्या बाईला त्या वॉर्डाखेरीज छप्पर नाही तिच्या दृष्टीने ती घोषणा घर काढून घेण्याची धमकी ठरेल. उलट 'मनोरुग्णालये आहेत तशी राहू द्या' असे म्हणणे म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाच्या जन्मठेपेला संमती देणे आहे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाहेर उभे करावे, मग आतले कमी करावे. संक्रमणाच्या काळात दोन्ही व्यवस्था एकाच वेळी चालवाव्या लागतात, म्हणून काही वर्षे खर्च घटत नाही, वाढतो. जो अर्थमंत्री या सुधारणेतून पहिल्याच वर्षी बचत दाखवतो त्याने सुधारणा केलेली नसते, हे कार्यकर्त्यांनी पक्के लक्षात ठेवावे.

बाहेर उभे करावयाचे म्हणजे काय, हे अवघड कोडे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात मनोविकारांची मूलभूत औषधे बाराही महिने असली पाहिजेत. छिन्नमनस्कतेच्या रुग्णाचे औषध दोन महिने खंडले की दोन वर्षांचे काम वाया जाते, आणि औषधासाठी जिल्ह्याच्या गावी जाण्याचा एसटीचा खर्च व बुडालेली मजुरी शेतमजुराला परवडत नाही. प्रत्येक जिल्ह्यात बेघर बऱ्या झालेल्यांसाठी लहान, उघड्या दाराची वसतिगृहे हवीत. मनोरुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना नोकरीची शाश्वती देऊन या नव्या कामासाठी शिकवले पाहिजे. कामगार संघटनांना विश्वासात घेतल्याशिवाय हा बदल होणार नाही, आणि होऊही नये. सांभाळ करणाऱ्या कुटुंबाला रोख साहाय्य मिळाले पाहिजे. ती दया नव्हे, सरकारचे वाचलेले काम जी बाई करते तिचे ते येणे आहे.

शेवटचा आणि सर्वांत उपेक्षित भाग कामाचा आहे. गोळ्यांनी लक्षणे शमतात. माणूस पुन्हा माणसांत येतो तो सकाळी उठून कोठे तरी जावे लागते तेव्हा. इटलीने १९९१ साली सामाजिक सहकारी संस्थांचा कायदा केला. ज्या संस्था दुर्बलांना कामावर घेतात त्यांतील किमान ३० टक्के कामगार अशा वर्गातील असावेत अशी त्यात अट आहे, आणि या संस्थांना करांत सवलती व सार्वजनिक कामे मिळतात. त्या कायद्याचे मूळ त्रिएस्तेच्या झाडूवाल्यांच्या सहकारी संस्थेत आहे. सहकाराची इतकी जुनी परंपरा असलेल्या आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. साखर कारखाना, दूध संघ आणि बँका यांच्या पलीकडे सहकाराचा उपयोग ज्यांच्याजवळ भागभांडवल नाही त्यांच्यासाठी किती झाला, हा प्रश्नही त्यानिमित्ताने स्वतःला विचारता येईल.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. ज्या राज्यात बालकांचे कुपोषण आहे, बाळंतिणीला रुग्णवाहिका मिळत नाही, तेथे मनोरुग्णांवर एवढा खर्च कसा परवडेल? या आक्षेपात एक चूक दडलेली आहे. खर्च आजही होतोच आहे. तो घरातल्या बाईच्या खात्यावर पडतो म्हणून सरकारी हिशेबात दिसत नाही. कर्ज काढून केलेले मांत्रिक, विकलेला शेतीचा तुकडा, शाळा सोडून आजारी बापाजवळ बसणारी मुलगी, हा सारा खर्चच आहे. समाजवाद्यांची मागणी नवा खर्च निर्माण करण्याची नाही. सर्वांत दुबळ्याच्या खांद्यावरचा खर्च सर्वांच्या खांद्यावर घ्यावा, एवढीच ती आहे. समाजवादाची व्याख्याही याहून फारशी वेगळी नाही.

पार्मा शहरातील मारिओ तोम्मासिनी यांचे उदाहरण कार्यकर्त्यांसाठी विशेष उपयुक्त आहे. ते डॉक्टर नव्हते. कामगारवर्गातून आलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते होते. १९६५ साली प्रांतिक मंडळावर निवडून आल्यानंतर त्यांच्याकडे मनोरुग्णालयाची जबाबदारी आली. ते आत गेले, जे पाहिले त्याने हादरले, आणि रुग्णांसाठी बाहेर घरे व कामे शोधण्याच्या उद्योगाला लागले. पुढे बासाल्यांना त्यांनीच पार्माच्या इस्पितळात आणले. एक निवडून आलेला सभासद आपल्या अखत्यारीतल्या इस्पितळात स्वतः जाऊन पाहतो, यातून किती घडू शकते याचा तो नमुना आहे.

जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत, विधानसभेत पक्षाचे जे सभासद असतील, आणि जेथे सभासद नाहीत तेथे जे कार्यकर्ते असतील, त्यांनी येत्या वर्षात चार प्रश्न लेखी विचारावेत. आपल्या विभागाच्या मनोरुग्णालयात बरे ठरूनही राहिलेली माणसे किती? त्यांच्यासाठी बाहेर निवासाची सोय किती जागांची आहे? तालुक्यातील आरोग्य केंद्रात मनोविकाराची औषधे गेल्या वर्षी किती दिवस नव्हती? जिल्हा कार्यक्रमासाठी मंजूर रक्कम किती व खर्च झाली किती? उत्तरे मिळतील ती या साप्ताहिकाकडे पाठवावीत. ती एकत्र झाली म्हणजे महाराष्ट्रात कोणती भिंत प्रथम पाडावयाची आणि तिच्याबाहेर आधी काय बांधावयाचे, याचा निर्णय भावनेवर न सोडता माहितीच्या आधारे करता येईल.